भिंतीतला आवाज माझा आहे

श्रीधरराव, अनघा, अध्यक्षमहाराज, आणि इथे जमलेल्या सगळ्या मंडळींनो,

मला बोलायला आवडतं, हे तुम्हाला ठाऊक आहे. म्हणूनच वक्त्यांच्या यादीत माझं नाव शेवटी घातलंय, म्हणजे वेळ संपत आली की आवरतं घेता येईल. काळजी करू नका. आज मलाच फार बोलवत नाहीये. घरून चार कागद लिहून आणलेत. पहिल्या कागदावर लिहिलं होतं, ‘कुमुदअक्का म्हणजे आपल्या मंडळाची माउली.’ मघाशी खाली बसल्या बसल्या ते वाक्य मी खोडलं. अक्कांना ते आवडलं नसतं. त्या म्हणाल्या असत्या, “अण्णा, माउली कशाला? प्रॉम्प्टर म्हणा की. त्यात काय वाईट आहे?”

एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. संध्याकाळी या दारातून आत आलो तेव्हा पहिल्यांदा मी गर्दी बघितली. मल्लेश्वरमची जुनी माणसं आली आहेत, इलेक्ट्रॉनिक सिटीहून पोरीबाळी आल्या आहेत, बोम्मसंद्र्याच्या कारखान्यातली मंडळी शिफ्ट बदलून आली आहेत. आणि माझ्या मनात पहिला विचार आला तो दुःखाचा नव्हता. मी म्हटलं, माझ्या वेळी एवढी येतील का?

शोकसभेत असं बोलू नये, मला कळतं. पण मला कुमुदअक्कांचा हेवा वाटत होता. गेलं दीड वर्ष, रोज. तो हेवा बाजूला ठेवून मी त्यांच्याबद्दल बोललो तर ते खोटं होईल. आणि खोटं बोलून चालणार नाही, कारण त्यात दुसऱ्या एका माणसाचं नाव विनाकारण खराब होतंय. त्याच्याकडे येतो.

नव्या मंडळींसाठी थोडं मागे जाऊन सांगतो. या कानडी मुलखातल्या आपल्या मराठी मंडळाचं नाटक वर्षातून एकदा, गणपतीत. तीसएक वर्षं ते मी बसवलं. सगळे नोकरदार. कुणी सरकारी कारखान्यात, कुणी प्रयोगशाळेत. पाठांतराला वेळ कुणाला? तेव्हा आपली एक पद्धतच पडून गेली. नटानं अर्धं नाटक पाठ करायचं आणि उरलेलं अर्धं विंगेतून प्रॉम्प्टरनं द्यायचं. ती प्रॉम्प्टर म्हणजे कुमुदअक्का. लाकडी स्टुलावर बसून, मांडीवर वही ठेवून, तीस वर्षं त्यांनी आमचं नाटक पुढे ढकललं. पडदा पडला की हार माझ्या गळ्यात. अक्का मेकअपचे बोळे गोळा करत असायच्या.

माझी नाटक बसवण्याची रीतही जुन्या मंडळींना आठवत असेल. आमच्या शाळेत मराठीचे मास्तर कविता चालीवर म्हणून घ्यायचे. आधी ते म्हणणार, मग सगळा वर्ग. खिडकीबाहेर चिंचेचं झाड, आत पन्नास मुलं एका सुरात नदीची कविता म्हणतायत. मला अजून कधी कधी दुपारी डोळा लागला की तो सूर ऐकू येतो. एकदा तपासणीला साहेब आले होते, त्यांनी मला उभं केलं आणि कविता संपल्यावर मास्तरांना म्हणाले, “या मुलाचा आवाज जपा.” झालं! त्या एका वाक्यावर मी जन्म काढला. नाटकातही मी तेच केलं. आधी मी वाक्य म्हणणार, मग नटानं तसंच्या तसं म्हणायचं. बायकांची वाक्यंही मीच म्हणून दाखवायचो. “असं नाही, असं म्हण. स्वल्प हसून म्हण.” आणि त्या तसं म्हणायच्या.

असो. दीड वर्षापूर्वी कुमुदअक्का माझ्या घरी आल्या. हातात एक वही. म्हणाल्या, “अण्णा, मी नाटक लिहिलंय. वाचून सांगा कसं आहे. आणि बसवणार मीच आहे.”

मी विचारलं, “कसलं नाटक?”

“भुताचं.”

मला हसू आलं. सत्तरीच्या बाई, पोळपाटावर वड्या थापतानाही कविता ऐकवा म्हणणाऱ्या, आणि भुताचं नाटक! मी म्हटलं, “ठेवा, बघतो.”

नाटक असं आहे. एक बाई नव्या घरात राहायला येते. स्वयंपाकघराच्या भिंतीतून तिला एक आवाज ऐकू येतो. फक्त तिलाच. आवाज भला आहे. पाहुण्यांसमोर तिला काय बोलावं सुचत नाही, तर तो सुचवतो. नवरा चिडला तर काय म्हणावं ते सांगतो. तिचं सगळं सोपं होतं. आणि मग एक दिवस तिच्या लक्षात येतं, की आपण शेवटचं स्वतःचं वाक्य कधी बोललो, हेच आपल्याला आठवत नाही. तिथून पुढे ते नाटक भीतीचं होत जातं. साखळ्या नाहीत, किंकाळ्या नाहीत, पांढरी साडी नाही. एक बाई, एक भिंत.

मंडळी, मी ती वही दुपारच्या जेवणानंतर हातात घेतली आणि दिवे लागेपर्यंत खाली ठेवली नाही. आणि वाचून झाल्यावर मला अतिशय राग आला. नाटक चांगलं होतं. मी आयुष्यात एवढं चांगलं लिहिलेलं नाही. आणि ही बाई माझ्या विंगेत बसून, माझ्या नाटकांची पानं उलटत उलटत, हे कधी शिकली?

मी काय केलं? मी लाल पेन घेतलं. वही नासवली असं म्हणणार नाही; मी ‘सुधारणा’ केल्या. पानोपानी समासात शेरे लिहिले. ‘इथे तिने जरा हसून बोलावे.’ ‘आवाज खाली. घरात वडीलधारे आहेत.’ ‘एवढा राग स्त्रीपात्राला शोभत नाही.’ ‘आधी पदर सावरावा, मग बोलावे.’ ‘हे वाक्य नवऱ्याला द्यावे.’ आणि शेवटच्या प्रवेशात ती बाई बराच वेळ नुसती गप्प उभी राहते, तिथे लिहिलं, ‘इतका वेळ गप्प राहू नये. प्रेक्षकांना वाटेल, वाक्य विसरली.’

अक्कांनी वही घेतली. चाळली. म्हणाल्या, “पुष्कळ कष्ट घेतलेत हो.” आणि गेल्या.

चार महिने काही नाही. मग फोन. “अण्णा, नाटक उभं करतेय. तुम्ही भिंतीतला आवाज करा. माणसं नेहमीचीच हवीत असं नाही, पण हा आवाज तुमचाच हवा.” मला वाटलं, चला, बाईला शेवटी माझी गरज पडली. मी शर्टाला इस्त्री करून पहिल्या वाचनाला गेलो.

ही बघा ऋचा, तिसऱ्या रांगेत बसली आहे, ती त्या बाईचं काम करते. नागपूरची मुलगी, कंपनीत नोकरी. तिनं पहिलं वाक्य वाचलं, “आज पाहुणे येणारेत, मला काही सुचत नाहीये.” आता माझी पाळी. मी छापील प्रत उघडली, घसा साफ केला आणि वाचलं, “इथे तिने जरा हसून बोलावे.”

मी थांबलो. पान उलटलं. “आवाज खाली. घरात वडीलधारे आहेत.” पुढचं पान. “आधी पदर सावरावा, मग बोलावे.”

मंडळी, भिंतीतल्या आवाजाची वाक्यं माझी होती. एक कानामात्रा न बदलता. माझे शेरे.

मी अक्कांकडे बघितलं. त्या संत्रं सोलत होत्या. म्हणाल्या, “वाचा ना, अण्णा. थांबलात का?”

मी म्हटलं, “अक्का, तुम्ही मला भूत केलंत?”

“भूत नाही हो. भूत मेलेलं असतं. हा घरातला भला माणूस आहे. कुणावर ओरडत नाही, हात उगारत नाही. नुसता सुधारणा करतो.” आणि संत्र्याची एक फोड माझ्यापुढे धरली.

मी उठून जायला हवं होतं. घरी बायको म्हणालीसुद्धा, “अहो, एवढा अपमान झाल्यावर पुन्हा कशाला जाता?” पण मी जात राहिलो. का? दोन कारणं आहेत आणि दोन्ही चांगली नाहीत. पहिलं म्हणजे, मी वाक्य वाचलं की ऋचाच्या अंगावर खरोखर शहारा यायचा. ती म्हणायची, “अण्णा, इट्स सो क्रीपी यार. म्हणजे तुम्ही इतके स्वीट बोलता ना, त्यानंच जास्त भीती वाटते.” तीस वर्षं मी लोकांना चालीवर वाक्यं म्हणून दाखवली, पण माझ्या आवाजानं कुणाचं काही हललेलं मी कधी बघितलं नव्हतं. आता हललेलं दिसत होतं. भीतीनं का होईना!

दुसरं कारण म्हणजे मला बघायचं होतं, ही बाई करते काय. माझ्या तालमीला लोक अर्धा तास उशिरा यायचे आणि ट्रॅफिकचं नाव सांगायचे. अक्कांच्या तालमीला ऋचा शहराच्या दुसऱ्या टोकाहून दर शनिवारी सकाळी येऊन, कुलूप उघडायच्या आधी पायरीवर बसलेली असायची. कशासाठी? अक्का कुणाला काही म्हणून दाखवत नव्हत्या. नट अडला की त्या विचारायच्या, “तू असतीस तर कसं म्हटलं असतंस?” आणि मग गप्प. पाच मिनिटं गप्प. मला तो अवघडलेपणा सोसत नसे. मी मागून सुचवायला तोंड उघडायचो, तर हात वर. “अण्णा, स्वल्प थांबा. ती शोधतेय.” आणि ती पोरगी खरंच काहीतरी शोधून काढायची, जे माझ्या डोक्यात सात जन्मांत आलं नसतं.

हे बघताना माणसाला काय वाटतं, सांगू? असं वाटतं की आपण इतकी वर्षं एक बंद पेटी वाजवत बसलो होतो, आणि कुणीतरी येऊन नुसतं झाकण उघडलं. तिच्याबद्दल आदर वाटायला हवा. मला आदर नाही वाटला. मला वाटलं, हे मला का नाही सुचलं? मला का नाही?

आता श्रीधरराव, तुमच्याकडे येतो.

मंडळात गेले चार महिने कुजबुज चालली आहे. मीही ऐकली आहे. “कुमुदअक्कांनी घरातलंच, नवऱ्याबद्दलच लिहिलंय म्हणे. बिचारीनं काय काय सोसलं असेल.” अक्का गेल्या त्या दिवशी, अजून हार विकत आणले जात होते तेव्हा, माझ्या शेजारी उभ्या असलेल्या एक बाई हेच म्हणाल्या. आणि श्रीधरराव, तुम्ही ते ऐकलंत. मी तुमचा चेहरा बघितला. मी तेव्हा बोलायला हवं होतं. बोललो नाही, कारण बोललो असतो तर माझं पितळ उघडं पडलं असतं.

म्हणून आज सगळ्यांसमोर सांगतो. भिंतीतला माणूस श्रीधरराव नाहीत. या गृहस्थांनी तालमीच्या दिवशी पोळ्या करून डबा भरून दिलेला मी खाल्ला आहे. भिंतीतला माणूस मी आहे. शब्द माझे आहेत, लाल शाईतली वही अक्कांच्या लेकीकडे, अनघाकडे आहे, कुणालाही बघता येईल. यापुढे कुणी कुजबुजलं तर माझं नाव घ्या.

अजून एक उरलं. ते सांगायला जास्त जड जातंय.

अक्का मंगळवारी सकाळी गेल्या. चहाचा कप घेऊन गॅलरीत बसल्या आणि बसल्या जागीच. बुधवारी अध्यक्ष माझ्या घरी आले. म्हणाले, “अण्णा, प्रयोग तीन आठवड्यांवर आहे. तुम्हीच हातात घ्या. जाहिरातीत दिग्दर्शक म्हणून तुमचं नाव टाकतो, लेखिका म्हणून त्यांचं.” मी विचार करून सांगतो म्हणायला हवं होतं ना? मी लगेच हो म्हटलं. त्यांचा चहा संपायच्या आत. दीड वर्ष ज्या खुर्चीकडे बघून जळलो ती खुर्ची आपणहून दारात आली होती.

शनिवारी तालमीला गेलो. अक्कांच्या वेताच्या खुर्चीत बसलो. पाठीला त्यांची उशी होती, ती काढून ठेवली. तिसरा प्रवेश सुरू झाला. त्यात ती बाई पहिल्यांदा स्वतःचं वाक्य बोलते. छोटंसं वाक्य आहे, “मला हे नको आहे.” ऋचानं ते अगदी साधं म्हटलं, कुणाकडे न बघता. मी म्हटलं, “ऋचा, बेटा, थांब. इथे जरा हसून बोल. ती मुळात प्रेमळ आहे, हे लोकांना कळू दे.”

ती हसली नाही, चिडली नाही. तिनं मला अगदी खरा प्रश्न विचारला. म्हणाली, “अण्णा, सॉरी, पण मला कळलं नाही. तुम्ही आत्ता भिंतीतून बोलताय की बाहेरून?”

खोलीत आठ माणसं होती. कुणी हसलं नाही. मला ठाऊकच नव्हतं, मंडळी. मला खरोखर ठाऊक नव्हतं.

त्यानंतर मी तालीम थांबवली आणि चालत घरी गेलो. आमच्या रस्त्यावरची झाडं पूर्वी इतकी दाट होती की भर दुपारी रस्ता हिरवा दिसायचा. आता तसं नाही. वाटेत माझ्या लक्षात आलं की मी ओठातल्या ओठात नदीची कविता म्हणतोय, आणि पहिल्यांदाच मनात आलं, मास्तरांनी त्या पन्नासांतल्या एकाला तरी विचारलं असतं का, बाळ, तुला कशी म्हणावीशी वाटते? मास्तर फार चांगले होते. मला ते अजून हवे आहेत. पण नसतं विचारलं त्यांनी.

तेव्हा अध्यक्षमहाराज, माझा होकार मी मागे घेतो. जाहिरातीत दिग्दर्शक म्हणून एकच नाव छापा, कुमुद हळबे. नाटक त्यांनी शेवटच्या प्रवेशापर्यंत बसवलेलं आहे. त्याला आता कुणी हात लावायची गरज नाही. तालमी ऋचा घेईल. ती म्हणते, “अण्णा, मला डिरेक्शन येत नाही.” मी म्हटलं, “छान. मला येतं, म्हणूनच सांगतोय.”

आणि मी भिंतीत उभा राहीन. प्रयोगाला, आणि पुढचे प्रयोग झाले तर त्यांनाही. पाय देतील तोवर.

त्या कामाबद्दल एकच सांगतो. नाटकाच्या शेवटी ती बाई गप्प होते. आवाज सुचवत राहतो, ती बोलत नाही. एकेक करून आवाजाच्या सूचना संपतात, आणि मग तो विनवू लागतो. “बोल ना. काहीतरी बोल.” हे एवढंच वाक्य अक्कांनी स्वतः लिहिलेलं आहे, माझं नाही. ते मला जमत नव्हतं. मी त्यात करुण रस ओतायचो. शेवटच्या शनिवारी अक्का उठून भिंतीमागे, माझ्यापाशी आल्या. मला वाटलं, आता म्हणून दाखवणार. त्या हळूच म्हणाल्या, “अण्णा, घरात तुम्ही बोलताय आणि कुणीच उत्तर देत नाहीये. तुम्ही असता तर कसं म्हटलं असतंत?”

एवढ्या वयात मला हे कुणी विचारलं नव्हतं. त्या थांबल्या. मग मी म्हटलं. कसं म्हटलं ते मला सांगता येणार नाही. आवाज फाटला, चाल वगैरे काही राहिली नाही, तपासणीच्या साहेबांनी कान झाकून घेतले असते. अक्कांनी ऐकलं. इथल्या कानडीत म्हणाल्या, “सरी.” म्हणजे, बरोबर. आणि परत जाऊन खुर्चीत बसल्या.

मला वाटलं, पुढच्या शनिवारी आणखी काहीतरी बोलतील.

अक्का, तुम्ही गेल्यावर हेवा संपेल असं वाटलं होतं. तो संपला नाही. तुम्ही एक नाटक केलंत आणि ते जिवंत आहे. मी तीस केली आणि त्यांचे फोटो आहेत. या पोरी तुमच्यासाठी रडतायत आणि रडून झाल्यावर उद्या सकाळी तालमीला जाणार आहेत. याचा मला हेवा वाटतो. वाटत राहील. आदर कसा वाटतो ते मला अजून नीट कळत नाही, हेव्याच्याच वाटेनं चाललोय. पोहोचेन कदाचित.

मंडळी, आता आपण त्यांच्यासाठी उभे राहू. ज्यांचे गुडघे दुखतात त्यांनी बसून राहावं, अक्कांना चालेल. मी घड्याळ बघणार नाही आणि ‘धन्यवाद’ म्हणून कुणाला खाली बसवणारही नाही. आपापलं आठवावं, आपापलं थांबावं.

कुमुदअक्का, नमस्कार करतो.